मक्का ते मदीना : अर्ध्या राहिलेल्या तस्बीहची गोष्ट

मक्केतल्या रुसैफा भागातले ते भव्य स्टेशन पाहून अम्मी व्हीलचेअरवरूनच म्हणाली, "हे स्टेशन? मला वाटलं, परत विमानात बसवताय."

आम्ही मिरजेचे. स्टेशन म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे हमालांच्या लाल सदऱ्या, चहाच्या किटल्या आणि फलाटावर पथारी पसरून बसलेली माणसे येतात. इथे उंच कमानी, सोनेरी झाक असलेला प्रकाश, गार हवा आणि तिकीट दाखवल्यावर उघडणारी फाटके होती. दुपारी दोनची गाडी होती. अम्मी, आमच्या जमातीतल्या एक खाला आणि आम्ही आपापल्या जागांवर बसलो. गाडी हलली तेव्हा धक्कासुद्धा जाणवला नाही. अम्मीने पिशवीतून तस्बीह काढली आणि डोळे मिटले. मदीना येईपर्यंत हजार दरूद पुरे करायचे, हे तिने घरातून निघतानाच ठरवले होते.

डब्यातल्या पडद्यावर वेगाचा आकडा वाढत गेला. दोनशे, अडीचशे, तीनशे. बाहेर वाळू, मग कुठे निळी समुद्राची रेघ, मग काळे दगड. एवढ्यात घोषणा झाली की पुढचे स्टेशन मदीना. अम्मीने डोळे उघडले. आमच्याकडे पाहिले, हातातल्या मण्यांकडे पाहिले आणि आपल्या दखनीत विचारले, "इत्ते में आ गया?"

तिचे जेमतेम पाचशे झाले होते.

या लेखात त्या गाडीची माहिती आहे. पुढच्या काळात आपल्यातले अनेकजण तिने प्रवास करतील, म्हणून ती सविस्तर देत आहोत. पण गाडीमुळे वाचलेल्या त्या चार-पाच तासांचे पुढे काय झाले, तेही सांगायचे आहे. कारण आमच्या मनात घर करून राहिले आहे ते तेच.

तीन तिकिटे आणि चार माणसे

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उमराहला गेलो. शिक्षकाच्या नोकरीत मोठी सुट्टी दोनदाच मिळते, आणि मे महिन्यातला तिकडचा उन्हाळा अम्मीला सोसला नसता. तिचे वय बहात्तर. दोन्ही गुडघे झिजलेले, पाय फार वेळ लोंबते ठेवले की सुजतात. डॉक्टरांनी सांगितले होते की दोन-अडीच तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसवू नका.

टूरच्या खर्चात मक्का ते मदीना प्रवास बसचा होता. साडेचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर, नमाज आणि जेवणाचे थांबे धरून सहा-सात तास. रेल्वेचे तिकीट हवे तर ते आपले आपण काढायचे होते. आम्ही दोघे भावंडे आणि अम्मी अशी तीन तिकिटे काढायचे ठरले. पैशांचा हिशोबही तेवढाच होता.

अम्मीने मोडता घातला. जमातीत जत तालुक्यातल्या एक खाला होत्या. नवरा वारलेला, मुलगा सेंट्रिंगच्या कामावर. वाकळा शिवून शिवून त्यांनी उमराहचे पैसे जमवले होते. अम्मीचे आणि त्यांचे मक्केत चांगलेच जमले होते. दोघींचे गुडघे सारखेच. अम्मी म्हणाली, "ती बसमध्ये पाय सुजवत येणार आणि मी गारेगार गाडीतून जाणार? मग मी पण बसनेच येते."

धाकट्या भावाने प्रश्न सोडवला. "बॅगा कोण नेणार? रेल्वेत एवढं सामान घेत नाहीत. मी जमातीबरोबर बसने येतो, सगळ्यांचं सामान आणतो. माझ्या जागी खालांना न्या." तिकिटावर प्रवाशाचे नाव आणि पासपोर्टचा नंबर लागतो, म्हणून काढण्याआधीच हे ठरले ते बरे झाले. खाला आधी नको नको म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसून त्यांनी पासपोर्ट भावाच्या हातात दिला.

उंटापासून आगगाडीपर्यंत

मक्का ते मदीना हा रस्ता आपल्यासाठी नुसता रस्ता नाही. इसवी सन ६२२ मध्ये प्रेषित मुहम्मद (सल्ल.) आणि हजरत अबूबक्र (रजि.) याच दोन शहरांमधले अंतर उंटांवरून कापत होते. मागे शत्रू लागलेले. सौर पर्वताच्या गुहेत तीन रात्री काढून, नेहमीची वाट टाळून, किनाऱ्याच्या बाजूने ते निघाले. वाट दाखवायला अब्दुल्लाह बिन उरैकित हा वाटाड्या होता. तो त्या वेळी मुसलमान नव्हता, पण भरवशाचा होता. या प्रवासाला आठवड्याहून अधिक काळ लागला आणि इथूनच हिजरी सनाची मोजणी सुरू झाली.

पुढे बाराशे-तेराशे वर्षे वाहन तेच राहिले. काफिले दहा-बारा दिवसांत मक्केहून मदीनेला पोचत. वाटेत तहान, ऊन आणि लुटारू. किती हाजी त्या वाळूत राहिले, त्याची मोजदाद नाही.

या भागात आगगाडी आणायचा पहिला मोठा प्रयत्न उस्मानी सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांचा. १९०० साली दमास्कसहून हिजाज रेल्वेचे काम सुरू झाले आणि १९०८ मध्ये गाडी मदीनेला पोचली. सुमारे १३०० किलोमीटरचा तो मार्ग. काफिल्याला जिथे चाळीसेक दिवस लागत, तिथे गाडीने तीन-चार दिवसांत जाता येऊ लागले. या रेल्वेसाठी जगभरच्या मुसलमानांनी वर्गणी दिली आणि त्यात हिंदुस्थानातल्या मुसलमानांचाही हात होता. इथल्या उर्दू वर्तमानपत्रांतून तिच्यासाठी आवाहने झाली. ही रेल्वे पुढे मक्केपर्यंत न्यायची होती. पण पहिले महायुद्ध आले, रूळ आणि पूल उडवले गेले, आणि मदीनेची गाडी बंद पडली. मदीनेतले त्या रेल्वेचे जुने दगडी स्टेशन अजून उभे आहे. आम्ही नंतर ते बाहेरून पाहिले. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या जंक्शनसारखेच वाटले.

मधल्या काळात मोटारी आल्या, डांबरी रस्ते आले. आमची नानी मुंबईच्या बंदरातून जहाजाने हजला गेली होती. जाण्याआधी मुसाफिरखान्यात मुक्काम, मग दर्यावर कित्येक दिवस, उलट्या, खारट वारा. जिद्द्याला उतरून बस. आपल्याकडून हजला जाणारी जहाजे १९९५ मध्ये बंद झाली. नानी सांगायची, "मदीना येईतो आम्ही रडून रडून मोकळ्या झालो होतो." तेव्हा आम्हाला ते कळत नसे.

हिजाज रेल्वे मदीनेला पोचली १९०८ मध्ये. मक्का आणि मदीना रेल्वेने जोडली गेली २०१८ मध्ये. मध्ये ११० वर्षे गेली.

हरमैन एक्सप्रेस : थोडी मोजदाद

या गाडीचे नाव हरमैन हायस्पीड रेल्वे. हरमैन म्हणजे दोन हरम. २५ सप्टेंबर २०१८ रोजी बादशाह सलमान यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि ११ ऑक्टोबरपासून ती प्रवाशांसाठी धावू लागली. मार्गाची लांबी सुमारे ४५० किलोमीटर, सर्वाधिक वेग ताशी ३०० किलोमीटर. पाच स्टेशने आहेत : मक्का, जिद्द्यातले सुलैमानिया, जिद्दा विमानतळ, राबिगजवळची बादशाह अब्दुल्लाह आर्थिक नगरी, आणि मदीना. स्टेशनांचे आराखडे ज्या वास्तुकारांनी केले त्यांनी प्रत्येकाला वेगळा रंग दिला आहे. मक्केला काबागृहावरच्या सोनेरी कामाची आठवण देणारा सोनेरी आणि मदीनेला मस्जिद-ए-नबवीची आठवण देणारा हिरवा.

नकाशा पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. गाडी मक्केहून सरळ उत्तरेला जात नाही. आधी पश्चिमेला जिद्द्याकडे उतरते, मग तांबड्या समुद्राच्या किनाऱ्याने वर जाते, आणि राबिगनंतर आत वळून ज्वालामुखीच्या काळ्या खडकांतून मदीनेला पोचते. त्यामुळे हाजींबरोबरच जिद्द्याचे रोजचे प्रवासीही तिने जातात.

शाळेत परतल्यावर आम्ही सातवीच्या मुलांना गणित घातले. ताशी ३०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला ५ किलोमीटर, सेकंदाला सुमारे ८३ मीटर. मिरज ते सांगली दोन मिनिटांत. एका मुलाने लगेच हात वर केला, "मग ४५० किलोमीटरला दीडच तास लागायला पाहिजे. तुम्हाला सव्वादोन तास कसे लागले?" प्रश्न बरोबर होता. गाडी स्टेशनांवर थांबते, वेग पकडायला आणि कमी करायला बरेच अंतर लागते, शहराजवळ ती हळू चालते. वेगाचा मोठा आकडा आणि प्रवासाचा खरा वेळ यांत नेहमी एवढी तफावत राहते.

आमच्या लहानपणी मिरजेहून पंढरपूरकडे छोट्या रुळांची बार्शी लाईट जायची. ती इतकी निवांत चालायची की पोरे उतरून, थोडे पळून, पुन्हा चढायची. त्या गाडीत बसलेल्या आम्हाला ही नवी गाडी जादूच वाटली, पण तिच्यामागे साधी कारणे आहेत. हिचे रूळ फक्त हिचेच आहेत, त्यांवर मालगाडी येत नाही. दोन्ही बाजूंना कुंपण, रस्ता कुठेही रुळांवरून जात नाही, म्हणजे फाटकच नाही. वळणे खूप मोठी आणि सावकाश. वरच्या तारेतून २५ हजार व्होल्टची वीज. या वेगात रुळाकाठचा सिग्नल ड्रायव्हरला वाचता येणे कठीण, म्हणून पुढचा रूळ मोकळा आहे की नाही, किती वेगाने जायचे, हे त्याच्या समोरच्या पडद्यावरच येते. वेग ओलांडला तर यंत्रणा स्वतः ब्रेक लावते.

गाड्या स्पेनच्या टॅल्गो कंपनीच्या आहेत. ३५ गाड्या, प्रत्येकीत १३ डबे आणि ४१७ जागा. टॅल्गोच्या डब्यांचे वैशिष्ट्य म्हणजे ते आखूड आणि हलके असतात आणि डावे-उजवे चाक एकाच आसाला जोडलेले नसते. याच कंपनीची गाडी २०१६ मध्ये आपल्याकडे दिल्ली-मुंबई मार्गावर चाचणीसाठी धावली होती आणि बारा तासांच्या आत मुंबईला पोचली होती, ते काही वाचकांना आठवत असेल.

पण स्पेनमध्ये वाळवंटातली वाळू नाही. पन्नास अंशांच्या घरात जाणारे ऊन आणि वाऱ्याबरोबर रुळांवर येऊन बसणारी वाळू ही इथली खरी परीक्षा. म्हणून गाडीची यंत्रे आणि हवा खेळवणारे भाग वाळूपासून जपावे लागतात आणि रूळ सतत झाडावे लागतात. खिडकीतून आपल्याला वेग दिसतो. तो वेग रोज टिकावा म्हणून उन्हात राबणारी माणसे दिसत नाहीत, आणि त्यांत आपल्या देशातून गेलेलीही असतात.

या सेवेवर संकटेही आली. २९ सप्टेंबर २०१९ रोजी जिद्द्याच्या सुलैमानिया स्टेशनला मोठी आग लागली आणि गाड्या काही आठवडे बंद राहिल्या. मग कोरोनामुळे मार्च २०२० पासून वर्षभर सेवा थांबली. ती मार्च २०२१ च्या शेवटी पुन्हा सुरू झाली.

गाडी चालवणाऱ्या लेकी

आमच्या वर्गातल्या मुलींना या सगळ्यात एक गोष्ट फार आवडली. २०२२ च्या सुरुवातीला या गाडीसाठी ३० महिला ड्रायव्हर हव्यात अशी जाहिरात निघाली, तेव्हा सुमारे २८ हजार अर्ज आले. निवड झालेल्यांनी वर्षभर शिक्षण घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये ३२ सौदी तरुणी ही गाडी चालवण्यासाठी तयार झाल्या. ज्या २०१८ साली ही रेल्वे सुरू झाली, त्याच वर्षीच्या जूनमध्ये सौदी अरबस्तानात बायकांना मोटार चालवायची परवानगी मिळाली होती, हे लक्षात घेतले की या बदलाचा वेग कळतो.

मुलींना आम्ही हेही सांगितले की आपण यात मागे नाही. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या सुरेखा यादव या कितीतरी आधी, १९८० च्या दशकाच्या शेवटी, रेल्वे इंजिनावर चढल्या. १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत गाडी चालवत नेली. एका मुलीने विचारले, "मग त्यासाठी कोणता विषय चांगला पाहिजे?" आम्ही म्हणालो, "गणित आणि विज्ञान. आणि वेळेवर उठणं."

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

आमच्या अनुभवातून आणि चुकांतून शिकलेले थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट एहरामची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. मदीनेहून उमराहसाठी मक्केला जाताना मीकात म्हणजे जुल-हुलैफा, ज्याला अब्यार अली म्हणतात. बस तिथे थांबते, लोक गुस्ल करतात, एहराम बांधतात. रेल्वे तिथे थांबत नाही आणि मीकातची हद्द मदीना सोडल्यावर काही मिनिटांतच मागे पडते. म्हणून गुस्ल आणि एहराम हॉटेलवरच उरकून घ्यावे आणि निय्यतीची वेळ आपल्या मसलकच्या आलिमांना निघण्यापूर्वीच विचारून ठेवावी. गाडीत बसल्यावर "आता कपडे बदलतो" म्हणणारे एक गृहस्थ आम्हाला भेटले, त्यांची फार तारांबळ झाली.

दुसरी गोष्ट स्टेशनच्या अंतराची. दोन्ही स्टेशने हरमपासून चालत जाण्याजोगी नाहीत. मक्केचे स्टेशन मस्जिद-ए-हरमपासून काही किलोमीटरवर आहे, मदीनेचे त्याहून लांब. टॅक्सीचा किंवा बसचा वेळ आणि खर्च आधीच धरावा. सव्वादोन तासांचा प्रवास दारापासून दारापर्यंत चार तासांच्या घरात जातो.

तिसरी गोष्ट तिकिटाची. गर्दीच्या दिवसांत ते लवकर संपते आणि भाडेही कमी-जास्त होते. नाव पासपोर्टप्रमाणे हवे. सामान मर्यादित ठेवावे. व्हीलचेअर लागणार असेल तर स्टेशनवर बरेच आधी पोचावे. रियाजुल जन्नतच्या नमाजासाठी नुसुक ॲपवर वेळ घेतली असेल तर गाडीची वेळ तिच्याशी जुळवून घ्यावी. आणि प्रवास कितीही आरामाचा झाला तरी तो सफरच आहे. कस्रची सवलत अंतरावर असते, थकव्यावर नसते.

चौथी गोष्ट नावांच्या घोटाळ्याची. मिना, मुजदलिफा आणि अरफात यांच्यामध्ये हजच्या दिवसांत धावणारी मशाइर मेट्रो वेगळी. ती २०१० पासून आहे आणि फक्त १८ किलोमीटरची आहे. हरमैन गाडीचा तिच्याशी संबंध नाही. २०२४ च्या हजमध्ये आपल्या देशातल्या हाजींचे काही गट पहिल्यांदाच जिद्दा विमानतळावरून हरमैन गाडीने मक्केला नेण्यात आले. ही सोय वाढत गेली तर म्हाताऱ्या माणसांवर मोठे उपकार होतील.

बसची वाट

आता त्या वाचलेल्या तासांकडे येतो.

सव्वाचारच्या सुमारास आम्ही मदीनेत उतरलो. हॉटेलवर पोचेपर्यंत साडेपाच झाले. खोलीच्या खिडकीतून मस्जिद-ए-नबवीचा एक मिनार दिसत होता. आम्हाला वाटले, अम्मी वुजू करून लगेच निघेल. आयुष्यभर जिथे जायची दुआ मागितली ते ठिकाण चालत दहा मिनिटांवर होते. आम्ही व्हीलचेअर दाराशी आणून ठेवली.

अम्मी म्हणाली, "थांब. बस येऊ दे."

आम्ही समजावले. बस यायला रात्र होईल, आपण सलाम करून परत येऊ, उद्या पुन्हा सगळ्यांबरोबर जाऊ. तिने मान हलवली. "ज्यानं आपली जागा सोडली तो रस्त्यात आहे. त्याला मागे टाकून मी आधी सलामाला जाऊ? जमात पुरी होऊ दे." खालांनीही तेच म्हटले.

मगरिब आणि इशा दोघींनी खोलीतच अदा केली. मग हॉटेलच्या खालच्या मजल्यावर, दाराजवळच्या सोफ्यावर त्या जाऊन बसल्या. अम्मीच्या हातात तस्बीह होती. राहिलेले पाचशे दरूद तिने तिथे, बसची वाट पाहत पुरे केले. मणी संपले तरी ती मोजत राहिली. आम्ही दर पंधरा मिनिटांनी भावाला फोन लावत होतो. कधी लागे, कधी लागत नसे.

नऊ वाजून गेल्यावर बस आली. भाऊ उतरला तेव्हा कपड्यांवर सुरकुत्या, डोळे लाल, दोन्ही हातांत दोन-दोन बॅगा. त्याने आधी विचारले, "सलाम झाला?" अम्मीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझ्याबरोबर करायचा होता."

रात्री दहा वाजता आम्ही चौघे आणि जमातीतले बाकीचे मिळून निघालो. वाटेत भाऊ सांगत होता. बस थांबली तिथे त्याने वाळवंटात सूर्य बुडताना पाहिला. एका म्हाताऱ्या बाबांनी हिजरतचा सगळा किस्सा सांगितला. मदीनेची पाटी दिसल्यावर पूर्ण बस रडत होती. नानीचे ते वाक्य तेव्हा आम्हाला आठवले. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा आमचे डोळे कोरडे होते, हे कबूल करायला हवे. शरीर पोचले होते, मन मागून येत होते. त्या सोफ्यावरच्या चार तासांत ते पोचले.

ज्या बसची वाट पाहिली गेली

आम्ही परतलो, शाळा सुरू झाली. १७ नोव्हेंबर २०२५ च्या सकाळी स्टाफरूममध्ये बातमी आली. मक्केहून मदीनेला उमराहचे प्रवासी घेऊन जाणारी बस मदीनेजवळ डिझेलच्या टँकरला धडकली आणि पेटली. चाळीसहून अधिक भारतीय गेले, त्यांतले बहुतेक हैदराबादचे. एकाच कुटुंबातली कितीतरी माणसे होती. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

घरी आलो तर अम्मी सोफ्यावर बसली होती, हातात तीच तस्बीह. टीव्ही बंद केलेला. ती एवढेच म्हणाली, "त्यांची पण कोणीतरी वाट बघत असेल." मग जतला खालांना फोन लावायला सांगितला. दोघी बराच वेळ काही न बोलता फोन धरून होत्या.

अपघात कुठे होईल ते कोणाच्या हातात नाही. त्या रस्त्याने रोज शेकडो बसगाड्या सुखरूप पोचतात, आमच्या भावाची पोचली. पण उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्या प्रेषितांचीच आहे. जपानमध्ये १९६४ साली टोकियो-ओसाका हायस्पीड गाडी सुरू झाली. तेव्हापासून त्या गाड्यांत टक्कर होऊन किंवा रुळांवरून घसरून एकाही प्रवाशाचा जीव गेलेला नाही. वेगळे रूळ, कुंपण, फाटक नसणे, स्वतः लागणारा ब्रेक हे वर सांगितलेले सगळे म्हणजे उंट बांधण्याचीच आजची रीत आहे. म्हणून ज्या घरांना परवडते त्यांनी म्हाताऱ्या माणसांसाठी तरी रेल्वेचा विचार करावा. टूरवाल्यांना बुक करतानाच विचारावे की प्रवास कसा आहे, रेल्वेचा पर्याय आहे का, बस दिवसा नेणार की रात्री, ड्रायव्हर एक की दोन. आपण जेवणाचे पदार्थ विचारतो, हॉटेल किती पावलांवर आहे ते विचारतो. हा प्रश्न मात्र विचारत नाही.

आणि ज्यांना परवडत नाही त्यांचे काय, हा प्रश्न खालांच्या पासपोर्टसारखा आपल्या हातात येऊन पडतो. ज्या जमातीत पाच-सहा घरे खाऊनपिऊन सुखी असतील, त्यांनी दोन म्हाताऱ्यांची तिकिटे वाटून काढली तर कोणाचेच फार जाणार नाही. वर्गणी काढून एक अख्खी रेल्वे मदीनेला नेणाऱ्यांत आपले पूर्वज होते. आपल्याला फक्त तिकीट काढायचे आहे.

खालांनी परवा जतहून एक वाकळ पाठवली. जुन्या लुगड्यांची, हाताने टाके घातलेली. भावासाठी आहे, असा निरोप होता. अम्मीने ती उलगडून पाहिली, टाक्यांवरून बोटे फिरवली आणि सवयीने मोजायला लागली.

अल्लाह प्रत्येक मुसाफिराला सुखरूप पोचवो, आणि घरी वाट पाहणाऱ्या प्रत्येकाची वाट संपवो. आमीन.